चाळीस स्पोकचं चाक

त्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याच्या सायकलच्या मागच्या चाकाचे चार स्पोक तुटले. एकदम नाही, दर पंधरा-वीस दिवसांनी एक. पहिला तुटला तो आमच्या द्वारकेच्या सोसायटीच्या गेटपाशीच, स्पीडब्रेकरवर. टण् असा आवाज झाला आणि गेटवरच्या गार्डनं आधी वर बघितलं. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, त्यामुळे त्याचा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

नवऱ्यानं खाली उतरून चाक फिरवून बघितलं आणि म्हणाला, "मटेरियल खराब."

दुसरा तुटला तेव्हा रस्ता खराब होता. तिसऱ्याला मेकॅनिक खराब होता. चौथ्याला तो म्हणाला, "अगं, हा सिस्टिमचा प्रॉब्लेम आहे." तो गुडगावच्या एका कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर आहे. एखादी गोष्ट का बिघडली याचा शोध त्याला रोजच घ्यावा लागतो. मला त्याच्या घरून चालणाऱ्या मीटिंगांवरून एवढं कळलेलं आहे की बिघाडाचं कारण मीटिंगला हजर असलेल्या माणसांपैकी कुणी कधीच नसतं.

पाचवं कारण मला माहीत होतं. माझ्या नवऱ्याचं वजन एकशे चार किलो आहे. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं, असं म्हटलं तरी चालेल. वर्षातून एकदा आम्ही डॉक्टरकडे तपासणीला जातो. तिथे तो काट्यावर उभा राहतो आणि समोरच्या भिंतीवरचं दातांचं चित्र लक्ष देऊन बघतो. आकडा मोठ्यानं वाचून फाइलमध्ये लिहिला जातो आणि फाइल मी सांभाळते. बावीस वर्षांच्या संसारात आमच्या दोघांत ज्या काही न बोलता ठरलेल्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

माझं सांगायचं तर मी दिल्लीचीच. वडील केंद्र सरकारात होते, लहानपण सगळं आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेलं. आता मी एका मंत्रालयात अनुवादाचं काम करते. नवरा पुण्याचा, नोकरीसाठी आला तो इथेच राहिला. सायकल चालवायची हौस आधी मला होती. नंतर सोसायटीत सायकलिंगचा ग्रुप निघाला, आणि हौसेचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं.

ग्रुपमध्ये तेरा पुरुष आणि मी. दर रविवारी सकाळी आम्ही वीस किलोमीटर जायचो आणि छोले-भटुरे खाऊन परत यायचो. ग्रुपचे एक कॅप्टन होते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना सायकलच्या प्रत्येक भागाचं वजन ग्रॅममध्ये पाठ. ते म्हणत, "चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले दोन ग्रॅम." मग सगळे मान डोलवत. त्यांनी नव्वद ग्रॅमनं हलका हब, म्हणजे चाकाच्या मधला तुंबा, परदेशातून मागवला, त्या रविवारी सगळ्यांनी तो हातात घेऊन तोलून पाहिला. कॅप्टननी त्या आनंदात दुसरी प्लेट मागवली. दोन भटुऱ्यांचं वजन किती, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

फेब्रुवारीत ग्वाल्हेरला माझ्या आत्याची पंचाहत्तरी होती. धुकं ओसरलेलं असतं, ऊन अजून तापलेलं नसतं. मी म्हटलं, "आपण सायकलनं जाऊ या का? पाच दिवस. सामान बांधून."

नवऱ्यानं लगेच हो म्हटलं. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "पण त्याआधी व्हील्स सॉर्ट करायला हवीत." आणि मला कळलं की आता पुढचे दोन महिने आपण ग्वाल्हेरबद्दल एक शब्दही ऐकणार नाही.

तसंच झालं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला आणि तिथेच राहिला. एक्सेलची शीट उघडली गेली. उभ्या रांगेत रिम, आडव्या रांगेत गुणदोष. एकपदरी रिम, दुपदरी रिम, बत्तीस भोकं, छत्तीस भोकं, चाळीस भोकं, भोकाला एक स्पोक. मग हब. सुट्या छर्‍यांचा की सीलबंद बेअरिंगचा? जितके स्पोक जास्त तितका भार जास्त माणसांत वाटला जातो, म्हणजे स्पोकांत, असं त्यानं मला समजावून सांगितलं. हे मला समजण्यासारखं होतं, कारण आमच्या सेक्शनमध्ये सहा माणसांचं काम तिघांत वाटलेलं आहे आणि दर महिन्याला एक जण मेडिकल लीव्हवर असतो.

एकदा बेंगळुरूहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, "बाबा चाकाचे आरे निवडतायत." ती म्हणाली, "आरे म्हणजे? मुंबईत ती कॉलनी आहे ती?" दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असं होतं. मी "स्पोक" म्हटल्यावर ती म्हणाली, "अच्छा! मग स्पोक बोल ना, यार."

मटार सोलता सोलता मी एकदा त्या शीटमध्ये डोकावले. सगळ्यात वरच्या ओळीत, पिवळ्या रंगात, लिहिलं होतं: रायडरचं वजन ८३.६. त्याखालचे सगळे हिशेब त्या आकड्यावर उभे होते. लोड फॅक्टर, सेफ्टी मार्जिन, सगळं. खाली निष्कर्ष: बत्तीस भोकांची हलकी दुपदरी रिम पुरेशी आहे.

मी पुन्हा मटार सोलायला लागले.

हा पॉइंट सहा कुठून आला, हे मला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी सोसायटीच्या जिमचं उद्घाटन झालं तेव्हा नव्या डिजिटल काट्यावर सगळे हौसेनं उभे राहिले होते. तेव्हाचा तो आकडा होता. खोटा नव्हता. फक्त त्यानंतर तो अपडेट झाला नव्हता.

सायकली आमच्या जुळ्या. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या. म्हणून मागची चाकं दोघांचीही नवी करायची ठरलं. ग्रुपमधल्या कुणीतरी फरीदाबादचा एक माणूस सांगितला. हा माणूस हातानं चाकं विणतो म्हणे. मूळचा ओडिशाचा, तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलेला, आता निवृत्त. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

एका शनिवारी आम्ही गेलो. घराच्या पहिल्या मजल्यावर एक खोली, खिडकीशी एक लोखंडी स्टँड, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रिमा. उस्ताद बारीक अंगाचे, सत्तरीकडे झुकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांच्या हातात एक चाक होतं. ते नखानं एकेक स्पोक छेडत होते आणि मान तिरकी करून ऐकत होते. आम्ही जिन्यात उभे राहिलो. चाक पूर्ण ऐकून झाल्यावरच त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. उस्तादांनी दोन मिनिटं शीट बघितली, अगदी आदरानं. मग वही काढून म्हणाले, "तीन बातें बताइए. आपका वज़न कितना, सामान कितना, जाना कहाँ."

"तिरासी पॉइंट छह," नवरा म्हणाला.

उस्तादांनी चष्म्यावरून बघितलं. आता पकडलं, असं मला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलेला माणूस तो. पॉइंट सहा सांगणारं गिऱ्हाईक त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटलं होतं. त्यांनी ८३.६ असं लिहून खाली रेघ मारली.

"सामान?"

"आठ किलो. अल्ट्रालाइट."

"मॅडम, आप?"

खरं सांगायचं तर पासष्ट म्हणावं असं मनात आलं होतं. पण आदल्याच आठवड्यात ऑफिसात मेडिकल झाली होती, आकडा ताजा होता, आणि उस्तादांचं ते पेन उघडून थांबणं अगदी डॉक्टरसारखं होतं. मी म्हटलं, "तिहत्तर. और सामान बीस किलो." वीस किलोत आत्यासाठीचे डिंकाचे लाडू होते, पंचाहत्तरीला नेसायची पैठणी होती, आणि नवऱ्याचा जाड स्वेटरही होता. तो अल्ट्रालाइटमध्ये बसला नव्हता.

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. जरा थांबले. मग काहीतरी लिहिलं, पण रेघ मारली नाही.

जायचंय ग्वाल्हेरला, हे सांगितल्यावर हबबद्दल थोडी वादावादी झाली. नवऱ्याला सीलबंद बेअरिंगचा, भारी हब हवा होता. उस्ताद म्हणाले, "हा वाटेत होडलच्या बाजारात बिघडला तर काय करणार? दुकानदाराला छर्रे मागा, तो देईल. हे मागा, तो तुम्हाला चहा देईल." नवरा शीटमध्ये बघून म्हणाला की बिघडण्याची शक्यता फारच कमी आहे. उस्ताद म्हणाले, "शक्यता इथे कमी आहे. होडलला जास्त आहे." शेवटी साधे, सुट्या छर्‍यांचे हब ठरले. रिमच्या बाबतीत मात्र उस्तादांनी शीट मान्य केली. पॉइंट सहावाल्या माणसाशी त्यांनी वाद घातला नाही.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आपको जो ठीक लगे."

पंधरा दिवसांनी चाकं आणायला गेलो. नवऱ्याचं चाक देखणं होतं. बत्तीस स्पोक, बारीक रिम, हातात घेतलं तर उडून जाईल असं. माझं चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चाळीस स्पोक, जाडजूड काळी रिम. नवरा बघतच राहिला.

"हे चाक आहे की पिठाची गिरणी?"

उस्ताद म्हणाले की ही रिम दोन जणांनी मिळून चालवायच्या सायकलची आहे. मी विचारलं, मला ती का? ते जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पण खोली एवढीशी असल्यामुळे त्याला नीट ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानिए. लेडीज़ लोग कम बोलती हैं. मैं पच्चीस जोड़ देता हूँ."

"मैंने सही बोला था," मी म्हटलं.

"सब यही बोलती हैं," ते अगदी मायेनं म्हणाले.

माझे कान तापले. त्या खोलीत तीन माणसं होती आणि खरं बोललेली मी एकटी. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथल्या तिथे सरळ झालं असतं. फाइल माझ्या कपाटात होती, आकडा माझ्या जिभेवर होता. नवरा खिडकीशी उभा राहून आपलं हलकं चाक एका बोटावर फिरवत होता आणि हसत होता. मी काही बोलले नाही. परक्या माणसासमोर नवऱ्याला कशाला खाली बघायला लावायचं, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये दोन्ही चाकांचं प्रदर्शन झालं. कॅप्टननी नवऱ्याच्या चाकाची पाठ थोपटली. माझं चाक बघून म्हणाले, "भाभीजी, इसमें तो ट्रक चला जाएगा." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवशी एकच भटुरा खाल्ला. त्याचा मला अजून राग येतो.

आम्ही निघालो. पहिल्या दिवशी पलवलपर्यंत काही झालं नाही. दिल्लीतून बाहेर पडेपर्यंतच अर्धा जीव गेला. फरीदाबादनंतर मात्र रस्ता सुटा झाला, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी दिसायला लागली. नवरा पुढे, मी मागे. माझं चाक खरोखर गिरणीसारखं चालायचं, सावकाश आणि ठाम. तो दर अर्ध्या तासानं थांबून मागे बघायचा आणि मी पोचले की म्हणायचा, "रोटेशनल वेट, फिरत्या चाकाचं वजन. दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी होडल मागे टाकून कोसीकडे जाताना तो आवाज झाला. टण्. मी मागेच होते, मी आधी ऐकला. पाठोपाठ नवऱ्याचं मागचं चाक डावीकडे उजवीकडे लहरायला लागलं आणि ब्रेकला घासायला लागलं. तो उतरला. उतरल्या उतरल्या खिशातून फोन काढला आणि उस्तादांना लावला, स्पीकरवर.

"आपका स्पोक टूट गया," तो म्हणाला. आपका, असं म्हणाला.

पलीकडून उस्ताद म्हणाले, "सामान कितना है?"

"उतना ही. आठ किलो."

"और आपका वज़न?"

"बताया था ना. तिरासी पॉइंट छह."

"तो नहीं टूट सकता," उस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कोडं होतं. त्यांनी आमच्या आसपास काय आहे ते विचारलं. मी इकडेतिकडे बघितलं. ढाबा, पंक्चरवाला आणि ट्रक तोलायचा धर्मकाटा. उस्ताद म्हणाले, "धर्मकांटा है? बस. उस पर चढ़ जाइए. पहले साइकिल के साथ, फिर साइकिल अकेली. फ़ोन मत काटिए."

नवरा म्हणाला, "बिल्कुल. होऊन जाऊ दे." त्याला खात्रीच होती. मला आजही त्या खात्रीचं आश्चर्य वाटतं. दातांच्या चित्राकडे बघता बघता माणूस इतकी वर्षं काढू शकतो.

काट्यावर वाळूचा एक ट्रक होता, तो उतरला. काट्याच्या लोखंडी पाटावर माझा नवरा फोन माझ्याकडे देऊन, हेल्मेट घालून, सायकल धरून उभा राहिला. पाट एवढा लांब की त्यावर तो एखाद्या क्रिकेटच्या मैदानावर एकटाच फिल्डिंगला उभा असल्यासारखा दिसत होता. काट्याशेजारच्या खोपटातल्या माणसानं खिडकीतून विचारलं, "गाडी नंबर?" मी म्हटलं, नंबर नाही, सायकल आहे. तो बाहेर येऊन बघून गेला. तोवर चार-पाच ट्रक ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन गोळा झाले होते.

"एक सौ तीस!" खोपटातून आवाज आला.

मग सायकल एकटी सामानासकट आडवी ठेवली.

"बीस!"

एका ड्रायव्हरनं लगेच वजाबाकी केली. "एक सौ दस. पूरे एक सौ दस निकले भाईसाहब!" आणि सगळे त्या आकड्यावर चर्चा करायला लागले. एक म्हणाला, इतका माल आपण सायकलवर कधी चढवणार नाही.

नवऱ्याचा चेहरा लाल झाला. तो खिडकीशी जाऊन म्हणाला, काटा चुकीचा आहे. खोपटातला माणूस दुखावला. म्हणाला, काटा सरकारनं तपासलेला आहे, पण तो ट्रकांसाठी आहे, दहा किलोच्या खालचं त्याला समजत नाही. कधी वर जातं, कधी खाली.

"तेच म्हणतोय मी!" नवरा ओरडला, आणि पुढे हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "एक सौ दस नहीं है! एक सौ चार है!"

हायवेवरून दोन बसेस गेल्या. मग माझ्या हातातल्या फोनमधून उस्तादांचा आवाज आला. "एक सौ चार?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं.

"बीस किलो," उस्ताद म्हणाले. "पॉइंट चार."

मग ते कामाला लागले, आणि मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण एक अक्षर टोमणा त्यांनी मारला नाही. त्यांनी विचारलं की तुटलेला स्पोक गिअरच्या बाजूचा आहे की उलट्या. उलट्या बाजूचा होता, म्हणजे रस्त्यावर बदलता येणार होता. जास्तीचे दोन स्पोक त्यांनीच फ्रेमला टेपनं चिकटवून दिले होते. नवऱ्यानं चाक काढलं, मी टायर सोडवला, दोघांनी मिळून नवा स्पोक ओवला. मग उस्ताद म्हणाले, "फ़ोन पहिए के पास रखिए. एक-एक को नाख़ून से बजाइए."

ढाब्याच्या बाकावर उलट्या ठेवलेल्या सायकलीपुढे माझा एकशे चार किलोचा नवरा गुडघे टेकून बसला आणि एकेक स्पोक छेडायला लागला. टिंग. "ठीक." टिंग. "ठीक." टंग. "ये ढीला है, आधा चक्कर." ड्रायव्हर भोवती उभे राहून ऐकत होते. एकानं आपल्या ट्रकचं इंजिन चालू होतं ते जाऊन बंद केलं. पाऊण तास हे चाललं. शेवटी चाक सरळ फिरायला लागलं.

"अब सुनिए," उस्ताद म्हणाले. "पीछे के दोनों पहिए आपस में बदल लीजिए. मॅडम का आप लगाइए, आपका मॅडम को दीजिए." कागदावर काहीतरी मांडल्याचा आवाज आला. "मॅडमचे त्र्याहत्तर, त्यावर मी घातलेले पंचवीस, त्यावर सामान. तुमचे एकशे चार आणि आठ त्यात बसतात. आणि मॅडमचे त्र्याहत्तर आणि वीस, तुमच्या चाकाच्या हिशेबात जवळजवळ बसतात. पहिए सही बने हैं. आदमी उलटे लग गए."

पाच मिनिटांत चाकं बदलली. फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "मॅडम." मी म्हटलं, "जी?" ते म्हणाले, "कुछ नहीं. आराम से जाइए."

आम्ही चहा मागवला. नवरा बराच वेळ ग्लासाकडे बघत बसला. मग म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"फाइल माझ्याकडेच असते ना."

"मग फरीदाबादला का नाही बोललीस?"

मी म्हटलं, "त्यांच्यासमोर कसं बोलणार?" पण तो तसाच बघत राहिला, आणि इतक्या ट्रकवाल्यांसमोर आकडा ओरडून झाल्यावर त्याच्याशी अर्धवट बोलणं मला बरं वाटेना. म्हणून सांगितलं. "मला बघायचं होतं काय होतं ते. माझं खरं त्यांना खोटं वाटलं आणि तुझं ते जुनं खरं वाटलं, आणि तू खिडकीशी उभा राहून हसत होतास. मला राग आला होता."

"पडलो असतो तर?"

"तेही डोक्यात आलं होतं. कालपासून तुझ्या मागे राहून चाकच बघतेय. रोटेशनल वेट नव्हतं ते."

त्यानं चहा संपवला. मग म्हणाला, "मी खोटं नाही गं सांगितलं. मला खरंच वाटत होतं की साधारण तेवढंच असेल." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पॉइंट सहा पण मीच सांगितलं ना. काय यार." आणि हसायला लागला. त्याचं हसणं बघून मला रडू आलं. ते का, हे मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक थकवा असेल.

तिथून पुढचा प्रवास वेगळा झाला. उस्तादांचं ते बत्तीस स्पोकचं चाक माझ्याखाली आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की कॅप्टन आणि मंडळी एवढे वेडे कशापायी झालेत. पायडल मारलं की सायकल निघायची. आग्र्यापासून मी पुढे होते. धौलपूरनंतर चंबळच्या घळी लागल्या, चढउतार सुरू झाले, आणि पुलावर मी वीस मिनिटं एकटी उभी होते. खाली नदी, वाळूवर काहीतरी लांबट पडलेलं, मगर असेल किंवा ओंडका. तो मागून सावकाश येत होता, गिरणीच्या चाकावर, घामाघूम. आल्यावर त्यानं सामानाचं कारण सांगितलं नाही, वाऱ्याचंही नाही. "आलो," एवढंच म्हणाला.

ग्वाल्हेरला आत्यानं दार उघडलं आणि आमच्या मागे बघून विचारलं, "गाडी कुठे लावलीत?" सायकलनं आलो म्हटल्यावर ती म्हणाली, "हो, पण दिल्लीहून कशानं आलात?" दोन दिवस तिला ते पटलं नाही. लाडवांचा चुरा झाला होता, तिनं तो दुधात घालून खाल्ला. पंचाहत्तरीच्या जेवणाला नवरा पाटावर बसला तो उठताना दोघांनी उठवला, पाच दिवसांच्या सायकलिंगनं त्याचे गुडघे धरले होते. परत आम्ही ट्रेननं आलो.

मार्चमध्ये मी मेट्रोनं एकटीच फरीदाबादला गेले. आत्यानं दिलेला चिवडा उस्तादांना द्यायचा होता. त्यांच्या खोलीत दाराशी वजनाचा एक नवा काटा ठेवलेला होता. मी बघतेय हे बघून ते म्हणाले, "तुमच्यानंतर आणला. म्हटलं आता विचारायचंच नाही, सगळ्यांना चढवायचं."

"मग?"

"तुमच्या सोसायटीतले तिघे आले होते. एक तर मोठे साहेब. जिन्यातून वर आले, काटा बघितला, म्हणाले फोन आलाय. खाली गेले ते गेले." त्यांनी चिवड्याचा डबा उघडून वास घेतला. "महिनाभरात दोनच चाकं विणली मी."

चहा होईपर्यंत त्यांनी तो काटा उचलून पलंगाखाली सरकवला. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. एक उंच, भरदार गृहस्थ आत आले, नवं कोरं हेल्मेट हातात. उस्तादांनी त्यांना बसायला सांगितलं, वही उघडली आणि वजन विचारलं.

"अठहत्तर," ते म्हणाले. "के आसपास."

उस्तादांनी माझ्याकडे अजिबात न बघता मान हलवली आणि वहीत एकशे तीन लिहिलं. मी चहा संपवून निघाले.